चित्रकार मुलाला डॉग ब्रीडर व्हायचंय

संगमेश्वर तालुक्यातल्या एका आईंचं पत्र आहे. मुलगा 24 वर्षांचा, पेंटिंगची पदवी घेतलेला. पावसाळ्यात गावच्या गणपती कारखान्यात आखणी आणि रंगकाम करतो, बाकीचे महिने फुटकळ कामं. आता त्याला डॉग ब्रीडर, म्हणजे कुत्र्यांची पैदास करून पिल्लं विकणारा, व्हायचंय. हस्की जातीच्या कुत्र्यांच्या जोडीला विसार देऊन झालाय, कर्ज काढायचं म्हणतो. 'कलेचं शिक्षण वाया जाईल का?' असं त्या विचारतात.

ताई, शिक्षण वाया जात नाही. ज्याने वर्षानुवर्षं ॲनाटॉमी काढलीय, त्याला कुत्र्याच्या खांद्याचा कोन, पाठीची रेषा, चालताना मागच्या पायांचा तोल इतरांआधी दिसतो. जोडी निवडणं हे ब्रीडरचं मुख्य काम, आणि ते याच नजरेवर चालतं. पण चित्रकाराची नजर रंगाला भुलते, तिथे जपायला हवं. ठिपक्याठिपक्यांचा 'मर्ल' रंग फार देखणा दिसतो. मात्र दोन मर्ल एकमेकांना लावले तर सरासरी चारातलं एक पिल्लू 'डबल मर्ल' निघतं, आणि ते बहिरं किंवा आंधळं असण्याची शक्यता मोठी असते. डॅशहाउंडमध्ये याच रंगाला 'डॅपल' म्हणतात, त्यामुळे नाव वेगळं म्हणून लोक बेसावध राहतात.

हस्की कोकणात नकोच. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, पण दमट हवेत जिभेवरची ओल पटकन उडत नाही. त्यात दुहेरी केसांचा कोट. पावसाळ्यात आतली लव वाळत नाही आणि कातडीला बुरशी धरते. आखूड केसांची जात घ्या. करवानी किंवा मुधोळ ही आपल्याकडच्या हवेत निभावणारी कुत्री. मुधोळवर 2005 साली टपाल तिकीटही निघालंय. गिऱ्हाईक लॅब्रॅडॉरइतकं मिळणार नाही, हे मात्र आधीच मान्य करायचं.

आता वेळेचं गणित. मादी साधारण सहा-सात महिन्यांनी माजावर येते आणि गाभणकाळ सुमारे 63 दिवसांचा. 10 नोव्हेंबरला मेटिंग झालं तर 12 जानेवारीच्या आसपास पिल्लं, आणि आठ आठवडे 9 मार्चला पूर्ण. थंडी कमी, पाऊस नाही, कारखाना बंद. मे-जूनचा माज सोडून द्यायचा, नाहीतर गणपतीच्या ऐन घाईत घरात दहा पिल्लं आणि बाहेर लेप्टो (साचलेल्या पाण्यातून होणारा ताप), गोचीड, ओल लागलेलं खाद्य. शिवाय 2017 च्या केंद्रीय नियमांप्रमाणे बारा महिन्यांत एकदाच वेत घेता येतं, मादी किमान 18 महिन्यांची हवी, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत आणि आठ आठवड्यांआधी पिल्लू विकायचं नाही. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे ब्रीडर म्हणून नोंदणी सक्तीची आहे. मेटिंगआधी नर-मादी दोघांची ब्रुसेला (गर्भपात घडवणारा संसर्ग) चाचणी करा. मोठी जात असेल तर दोन वर्षं वय झाल्यावर खुब्यांचा एक्स-रे काढून मगच जोड लावायची.

व्यायची पेटी तो स्वतः बनवू शकेल. लॅबएवढ्या मादीला 4 बाय 4 फूट प्लायची पेटी पुरते. आत चारही बाजूंनी, जमिनीपासून चार इंचांवर एक पट्टी मारायची, म्हणजे आई रेलली तरी पिल्लू भिंतीशी चिरडत नाही. पेटीला ताजा रंग नको. पहिला आठवडा पिल्लांपाशी 85 ते 90 अंश फॅरेनहाइट ऊब लागते. दिवा एकाच टोकाला लावा, गरम झालं तर पिल्लं सरकतात. प्रत्येकाच्या गळ्यात वेगळ्या रंगाची सैल लोकर बांधून रोज स्वयंपाकघरातल्या काट्यावर ग्रॅममध्ये वजन घ्यायचं. आठ-दहा दिवसांत जन्मवजन दुप्पट व्हायला हवं. एखाद्याचं सतत घटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर.

शेवटचा आठवडा मादीचं तापमान घेत राहा. ते 99 फॅरेनहाइटखाली उतरलं की साधारण चोवीस तासांत ती वितेच. जोरात कळा देऊन अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट-काळा स्राव दिसला, तर थांबायचं नाही. म्हणून मेटिंगच्या आधीच विचारून ठेवा: रात्री दोनला सिझेरियन करणारे डॉक्टर जवळ कोण? उत्तर 'कोल्हापूर' असेल तर अंबा घाटाचा वेळ धरून गाडी तयार ठेवावी लागेल. गाभणपणात आपल्या मनाने कॅल्शियम देऊ नका. विल्यावर दूध उतरताना तेच अंगाशी येतं, मादी थरथरून आडवी होते.

एक खास त्याच्यासाठी. रंगकामाची खोली आणि कुत्र्यांची खोली वेगळी हवी, मधे दार हवं. टर्पेंटाईन, शिशाचा पांढरा रंग, उघडं पडलेलं पीओपी: पिल्लू काहीही चाटतं, आणि पीओपी पोटात जाऊन घट्ट बसतं.

ब्रीडरची पदवी वगैरे काही नसते. एखाद्या नोंदणीकृत ब्रीडरकडे दोन वेतं तरी पूर्ण काढावीत, रात्रपाळीसकट. पहिली दोन वर्षं हा धंदा देत नाही, खातो; तेव्हा चूल आखणीवर आणि लोकांच्या कुत्र्यांच्या पोर्ट्रेटवर चालवायची. कर्जाचा अर्ज थांबवा. विसार परत मिळतो का ते या आठवड्यात विचारा; नाही मिळाला तर तेवढ्यावर सोडून द्या, पण जोडी घरी आणू नका.