फाटक लागत असताना दुचाकी पुढे काढली, तर नेमका कोणता गुन्हा होतो आणि दंड किती?

आपण प्रश्नाखाली जोडलेले एक वाक्य मला खटकले, आणि त्यासाठीच हे उत्तर लिहीत आहे. आपण म्हणता, "गाडी दिसतही नव्हती, मग धोका कसला?" अगदी हेच वाक्य माझा मेव्हणा 2016 पासून मला ऐकवत आला आहे.

कायद्यापुरते आधी सांगून टाकतो. अधिकार नसताना बंद फाटक उघडले, तर रेल्वे अधिनियम 1989 च्या कलम 160 नुसार तीन वर्षांपर्यंत, आणि फाटक मोडले तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. दांड्याखालून वाकून रुळांवर शिरणाऱ्याला कलम 147 लावता येते. त्यात सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. मोटार वाहन अधिनियमाचे कलम 131 पहारा नसलेल्या फाटकांसाठी आहे. तेथे चालकाने वाहन थांबवावे, वाहक किंवा सोबत्याने पुढे चालत जाऊन दोन्ही बाजूंनी गाडी येत नसल्याची खात्री करावी आणि मगच वाहन पार करवावे. सोबत कोणी नसेल तर चालकाने स्वतः उतरावे, असे ते सांगते. ब्रॉडगेज मार्गांवरची तसली फाटके जानेवारी 2019 पर्यंत संपली, त्यामुळे ठाणे परिसरात आपली गाठ गेटमनशीच पडते.

आता तो प्रसंग. आम्ही तेव्हा ठाण्याजवळच्या दिवा स्टेशनच्या पूर्वेला राहत होतो. पावसाळ्यातील संध्याकाळ होती. मेव्हणा स्कूटर चालवत होता आणि मी मागे, मांडीवर भाजीची पिशवी घेऊन बसलो होतो. भोंगा वाजू लागला आणि दांडा खाली येऊ लागला. मी त्याचा खांदा दाबून "थांब" म्हणालो, त्यावर "दाजी, घट्ट धरा" असे म्हणून त्याने स्कूटर पुढे दामटली. आमच्या बाजूचा दांडा माझ्या हेल्मेटला घासून गेला. पलीकडचा दांडा तोपर्यंत पुरता टेकला होता, आणि त्याच्यामागे रस्त्याची संपूर्ण रुंदी अडवून रिक्षा उभ्या होत्या. आम्ही दोन दांड्यांच्या मध्ये, रुळांवर, ओल्या खडीत एक चाक रुतलेल्या अवस्थेत अडकलो. गेटमन केबिनमधून ओरडत बाहेर आला आणि आम्हाला सोडवण्यासाठी त्याला पलीकडचा दांडा पुन्हा वर घ्यावा लागला. तो जेमतेम कमरेइतका उचलला गेला असेल, तोच समोरून चार दुचाक्या आणि एक रिक्षा आत घुसली. पुन्हा भोंगा, पुन्हा शिव्या, पुन्हा दांडा खाली. या सर्व वेळात गाडी आली नाही, हे खरे आहे, आणि मेव्हण्याचा सारा युक्तिवाद त्याच एका गोष्टीवर उभा आहे.

गाडी आली नव्हती, कारण आम्ही तिला अडवून धरले होते. स्कूटर कडेला लावून मी गेटमनची माफी मागायला गेलो, तेव्हा तो म्हणाला, "साहेब, तुम्ही निघालात, पण तिकडे लोकल सिग्नलला उभी आहे." अशी फाटके सिग्नलला जोडलेली असतात. दोन्ही दांडे टेकून त्यांना कुलूप बसल्याखेरीज गाडीला हिरवा सिग्नल मिळूच शकत नाही. म्हणजे रस्त्यावर उभ्या माणसाला रिकामे दिसणारे रूळ हे पुष्कळदा त्याच्याचसारख्या कोणीतरी दांडा अडवल्याचे फळ असते, आणि ते फळ कल्याणपासून मुंबईपर्यंत दाराला लटकलेले लोक भोगतात. "गेटमन मुद्दाम दहा मिनिटे आधी फाटक लावतो" ही तक्रारही याच अज्ञानातून येते. गाडी नजरेस पडल्यावर फाटक लावायचे ठरवले, तर तोवर तिला सिग्नलपाशी ताटकळत ठेवावे लागेल.

याच्याही वरताण प्रकार म्हणजे फाटक बंद असताना उजव्या बाजूने पुढे जाऊन रांग लावणे. दोन्ही तोंडांना असेच शहाणे उभे राहिले की दांडा वर जाताच रुळांवर समोरासमोर कोंडी होते आणि फाटक पुन्हा लावता येत नाही. याला मी बेशिस्त म्हणत नाही, सरळ मूर्खपणा म्हणतो, कारण यात घुसणाऱ्याचाही वेळ वाचत नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करायला हवी. एकामागून एक गाड्या सोडताना फाटक बराच वेळ बंद राहते, आणि मागे रुग्णवाहिका अडकली असेल तर नियमांवरचे प्रवचन कोणालाही सुचणार नाही. त्यावर खरा उपाय पुलाचाच आहे; 2022 मध्ये उड्डाणपूल सुरू झाला आणि कळव्याच्या खारेगाव फाटकाची कटकट सुटली. मी स्वतः आता ऐरोलीत राहतो आणि माझ्या रोजच्या वाटेवर फाटक नाही, तेव्हा मला संयमाचे धडे देणे सोपे आहे, हेही कबूल करतो. शिवाय मी वकील नाही. आपल्याला प्रत्यक्ष नोटीस आली असेल, तर त्यावरचे कलम वाचून वकिलालाच विचारा.

आपल्या जागी मी असतो तर भोंगा वाजताच इंजिन बंद करून उभा राहिलो असतो. मेव्हण्याला हे मी तीन भाऊबिजांना समजावले, आणि तिन्ही वेळा त्याने ओवाळणीच्या ताटावरून एवढेच विचारले, "पण दाजी, गाडी आली का?" हे उत्तर मी त्यालाही पाठवत आहे.