जोडामागची मजुरी

निपाणी

प्रिय पोरी,

निर्यातीच्या कामाला लागलीस, फार आनंद झाला. फोनवर विचारलंस, "सर, या जागतिकीकरणानं आपल्या भागाचं भलं झालं की वाटोळं?" मी घाईत काहीतरी बोललो. ते मनाला लागून राहिलं, म्हणून हे पत्र.

परवा अथणीला गेलो होतो. उंबऱ्यात उजेडाला बसून एक मावशी कोल्हापुरी चपलेची वेणी घालत होत्या. भिजवलेल्या कातड्याच्या वाद्या, दोऱ्याहून थोड्या जाड. अंगठ्यानं दाबायच्या, नखानं पुढं सारायच्या. मजुरी नगावर, त्यामुळं मान वर करायलाही सवड नाही.

2025 च्या जूनमध्ये मिलानला प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं अशाच चपला दाखवल्या, कोल्हापुरीचं नाव न घेता. इकडं ओरड झाली, तेव्हा मूळ मान्य केलं. डिसेंबरात महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार झाला: 2,000 जोड, एकेक सुमारे 800 युरोंना. वाचून मलाही बरं वाटलं. कोल्हापुरीचं नाव कुठल्या भागाचं हे ठरवणाऱ्या 2019 च्या भौगोलिक मानांकनात तर कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्या बरोबरीनं बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर आहेत. सीमेवरून आपण इतकं भांडतो, पण हे नाव दोन्हीकडचं. मात्र मानांकनानं नाव राखता येतं, मजुरी ठरत नाही.

सगळा दोष परदेशी गिऱ्हाइकावर टाकू नकोस. 1981 मध्ये इथल्या तंबाखू शेतकऱ्यांनी भावासाठी पुणे-बंगळूर रस्त्यावर ठाण मांडलं, गोळीबारात माणसं गेली. भाव पाडणारे तेव्हा आपल्याच पेठेतले होते. पिकवणाऱ्याला भावात बोलू द्यायचं नाही, ही रीत जुनीच आहे. आता फक्त साखळी लांबली: तिकडचा खरेदीदार दर दाबतो, निर्यातदार ठेकेदाराला दाबतो, ठेकेदार त्या उंबऱ्यावर येतो.

तू या साखळीच्या मधोमध बसली आहेस. तुझ्या कॉस्टिंग शीटमध्ये, म्हणजे खर्चाच्या तक्त्यात, 'मजुरी' ही एकच ओळ असेल. ती फोड. कातरणं, शिवण, वेणी वेगवेगळी लिही. पैसे किती दिवसांनी पोचतात तेही लिही. आणि नापास झालेल्या जोडाचं नुकसान कुणाच्या अंगावर पडतं, हे विचारल्याशिवाय सही करू नकोस. वरिष्ठ कुरकुरतील. कुरकुरू देत.

रविवारी ये, सकाळच्या बसनं अथणीला जाऊ. शीट छापून आण, मोबाईलवर नको. मावशींना मराठी जेमतेम कळतं. मजुरीची ओळ मी कन्नडात वाचून दाखवीन.

तुझा,
सर