पंप उतरवायच्या आधी

या खेपेला आलेली पत्रं बहुतेक जुन्या डिझेल पिकअपवाल्यांची आहेत. माझी नोकरी एस.टी.च्या दापोडी कार्यशाळेत डिझेल इंजिनांखाली झाली, त्यामुळे हा विषय निघाला की माझं उत्तर लांबतं. संपादकांनी पान दिलंय, तेव्हा लांबू दे.

प्रश्न : माझी टाटा २०७ डीआय आहे, २००६ ची. रात्रभर उभी राहिली की सकाळी उठत नाही. सेल्फ मारून मारून बॅटरी बसते. डिझेल चढवायचा हातपंप मारला की पांढरा धूर टाकत चालू होते आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. लासलगावला कांदा खाली करून निघताना तर अर्ध्या सेल्फवर चालू होते. मेकॅनिक म्हणतो पंप गेला, उतरवून पंपरूमला द्यावा लागेल. खर्च ऐकून घाम फुटला. घरी काही करता येईल का?
– कांदा उत्पादक, निफाड

उत्तर : पंपाला, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नोझलला दाबानं डिझेल देणाऱ्या पंपाला, हात लावू देऊ नका. निदान तुम्हीच लिहून पाठवलंय. झिजलेला पंप बहुतेक गरम झाल्यावर रडतो, कारण तापलेलं डिझेल पातळ होतं आणि झिजेतून निसटतं. तुमची गाडी गरम असताना अर्ध्या सेल्फवर उठते, अडते ती फक्त सकाळी, आणि तेही हातपंप मारला की सुटते. म्हणजे गाडी एअर घेतेय. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या, म्हणजे टाकीतलं डिझेल ओढून पुढं देणाऱ्या छोट्या पंपापर्यंतच्या पायपात कुठंतरी बारीक फट आहे. रात्री तिथून हवा आत शिरते आणि पायपातलं डिझेल गुपचूप टाकीत उतरतं.

तुम्ही म्हणाल, फट असती तर डिझेल गळलं नसतं का? नाही गळत. हा पाइप ओढणारा आहे, ढकलणारा नाही. चिरलेल्या स्ट्रॉनं उसाचा रस ओढून बघा, रस सांडत नाही, तोंडात नुसती हवा येते. खाली पुठ्ठा अंथरून थेंब शोधत बसणारे मेकॅनिक इथंच फसतात.

खात्री करायला आधी एक फुकटचा प्रयोग करा. रात्री गाडी उताराला तोंड खाली करून लावा, म्हणजे टाकी इंजिनापेक्षा वर येईल. हँडब्रेक, गिअर आणि चाकांना ठोकळे, तिन्ही लावायचेच. सकाळी पहिल्या सेल्फला उठली तर डिझेल मागं उतरतंय हे नक्की. मग फीड पंपाकडे येणाऱ्या रबरी नळीच्या जागी हातभर पारदर्शक नळी क्लिप लावून बसवा आणि इंजिन चालू करून बघा. बुडबुडे पळताना दिसले तर फट त्या नळीच्या मागं, टाकीच्या बाजूला आहे. बुडबुडे नसतील तर तीच नळी फिल्टरच्या पुढं लावून परत बघा. ही नळी तपासणीपुरतीच ठेवा. साधं प्लास्टिक डिझेलनं आणि उष्णतेनं कडक होऊन तडकतं, आणि मग नवीच फट तयार होते.

फटी सापडतात त्या ठरलेल्या जागी. रबरी नळीचं क्लिपखालचं टोक वरून ठणठणीत दिसतं, वाकवलं की भेगा उघडतात. टाकीतून येणारा लोखंडी पाइप चासीला घासतो तिथं झिजतो. फिल्टरच्या वाटीचं रबर सर्व्हिसच्या वेळी जुनंच बसवलेलं असतं, नवं फिल्टरच्या खोक्यात तसंच राहतं. नोझलवरून परत जाणारी बारीक नळीही बघा, ती वाळली असेल तर बदला. आणि बँजो बोल्टचे, म्हणजे पाइप जोडणाऱ्या पोकळ बोल्टचे, तांब्याचे वायसर (चकत्या). हा बोल्ट उघडला की वायसर नवा टाकायचा, कारण एकदा दाबला गेलेला तांब्याचा वायसर कडक होतो, दुसऱ्यांदा नीट बसत नाही. नवा मिळालाच नाही तर जुना गॅसवर लाल होईपर्यंत तापवा, पाण्यात टाका, वरची काळी खपली काढा. परत मऊ होतो. दोन रुपड्यांच्या वायसरसाठी पंप उतरवलेला मी पाहिलाय. एवढं करून फट सापडली नाही तर फीड पंपाचा व्हॉल्व्ह उघडा. त्यात कचरा अडकला की डिझेल मागं जातं.

दुरुस्ती झाली की एअर काढा. फिल्टरचा एअर स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा. आधी फेस येईल, मग सलग डिझेल. डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा. पंपावरच्या स्क्रूलाही तेच करा.

नोझलच्या जाड पोलादी पाइपांना मात्र जपून. इंजिन चालू असताना तिथल्या गळतीवर बोट फिरवायचं नाही. नोझल साधारण २०० बारच्या पुढं उघडतं, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट दाब. एवढ्या दाबाची बारीक पिचकारी कातडीतून सरळ आत जाते. बाहेर सुईच्या टोकाएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि काही तासांत हात सुजून काळानिळा पडतो. तसं झालं तर हळद लावून घरी बसू नका. तडक मोठ्या दवाखान्यात जा आणि डिझेल दाबानं आत गेलंय असं स्पष्ट सांगा. याला शस्त्रक्रिया लागते, आणि उशीर झाला तर बोट जातं. गळती बघायची तर पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरा.

प्रश्न : भाजीची पिकअप मीच चालवते. ऑइल बदलून दोन दिवस झाले नाहीत तोच डिपस्टिकवर काळंकुट्ट. गॅरेजवाला जुनंच ऑइल टाकतो की काय?
– एक भगिनी, पुरंदर

उत्तर : ताई, एवढ्यावरून त्याला चोर ठरवू नका. डिझेल जळताना काजळी होते आणि ती धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. शिवाय जुनं काळं ऑइल इंजिनात थोडं उरतंच, ते नव्याला लगेच रंगवतं. जुनी डिझेल गाडी आणि सोनेरी ऑइल दिसलं तर मला उलट शंका येते.

तुम्ही रंगापेक्षा पातळी बघा. सकाळी गाडी चालू करण्याआधी, सपाट जागी. दोन खुणांच्या मध्ये हवी. कमी झाली तर भर घालता येते. वाढली तर गाडी चालवू नका. ऑइलला डिझेलचा वास येत असेल तर डिझेल आत उतरतंय. पांढरट, दुधाळ झालं असेल तर पाणी शिरलंय, बहुधा हेड गॅस्केटमधून. रेडिएटरची पातळीही त्याच वेळी बघा, पण इंजिन थंड असतानाच झाकण उघडा.

संशय फिटत नसेल तर गाडी देण्याआधी ऑइल फिल्टरवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. आणि पुढच्या वेळी १५डब्ल्यू-४० चा सीलबंद डबा स्वतः नेऊन तिथंच उभ्या राहा.

प्रश्न : आंब्याचा हंगाम संपला की मासळीची भाडी मारतो. चासी गंजून पापुद्रे सुटतायत. जळकं ऑइल मारू का?
– आंबा बागायतदार, देवगड

उत्तर : खाऱ्या हवेपेक्षा तुमचं नुकसान हौद्यातून ठिबकणारं बर्फाचं पाणी करतंय. मिठाचं पाणी रात्रभर चासीच्या खाचेत बसतं. भाडं संपलं की त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं खालून धुवा, नुसता हौदा धुऊन चालत नाही. हौद्याच्या भोकांना नळ्या लावून पाणी चासीच्या बाहेर काढा.

जळकं ऑइल नको. त्यावर धूळ चिकटून चिखल होतो, स्प्रिंगच्या पाट्यांचे रबरी बुश आणि ब्रेकची नळी फुगते, आणि ब्रेकच्या लायनरला लागलं तर ब्रेकच गेला. ते अंगालाही वाईट. वायर ब्रशनं पापुद्रे काढा, रेड ऑक्साइड द्या, सुकल्यावर डांबरी कोट. हे उन्हाळ्यात, पावसाच्या आधी उरकायचं.

खाली शिरलाच आहात तर ब्रेकचे लोखंडी पाइप क्लिपमधून सोडवून मागच्या बाजूनं बघा. खड्डे पडले असतील तर पूर्ण पाइप बदला, मध्ये जोड नको. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं, तुमच्याकडे तर जास्तच. दोन वर्षांनी ते बदलाच. आणि नुसत्या जॉकीवर तोललेल्या गाडीखाली झोपू नका, घोडी किंवा जाड लाकडी ठोकळे लावा.

प्रश्न : डिझेलमध्ये थोडं रॉकेल मिसळलं तर?
– पंढरपूर

उत्तर : नाही. पंपाला आतून वंगण मिळतं ते डिझेलचंच, आणि रॉकेल कोरडं असतं. चार पैसे वाचतील आणि मग निफाडकरांच्या मेकॅनिकचं निदान तुमच्या बाबतीत खरं ठरेल. शिवाय हे बेकायदा आहे.