भूक, मेंदू आणि २२ अक्षरांचा रेणू

प्रश्न : मेंदूतले सूक्ष्म आरएनए बिघडले की वजन वाढते, असे वाचले. एवढासा रेणू भूक कशी वाढवतो? रक्त तपासून ते कळेल का?

उत्तर : हा सूक्ष्म आरएनए, म्हणजे मायक्रोआरएनए, जेमतेम २२ अक्षरांचा (साखळीतल्या रासायनिक घटकांचा) असतो. त्यापासून प्रथिन बनत नाही, उलट तो इतरांचे प्रथिन बनणे रोखतो. पेशीत आधी सुमारे ७० अक्षरांची, केसांच्या आकड्यासारखी दुमडलेली साखळी असते. ‘डायसर’ हे विकर (एन्झाइम) तिचा वळसा छाटते. उरलेल्या जोडीतला एक धागा आर्गोनॉट प्रथिनात बसतो आणि आपली दुसऱ्यापासून आठव्यापर्यंतची अक्षरे ज्या संदेशवाहक आरएनएशी (प्रथिन बनवण्याचा जनुकाचा निरोप नेणाऱ्या रेणूशी) जुळतील, त्याला गप्प करतो.

हायपोथॅलॅमस या मेंदूतल्या भुकेच्या केंद्रात पॉमसी चेतापेशी ‘पोट भरले’ म्हणतात, एजीआरपी पेशी ‘खा’ म्हणतात. चरबीतून येणारे लेप्टिन पहिल्यांना चेतवते, दुसऱ्यांना आवरते. उंदरांच्या फक्त पॉमसी पेशींतून डायसर काढले, तेव्हा जन्मानंतर त्या पेशी मरत गेल्या आणि उंदीर लठ्ठ झाले. मात्र डायसर काढले की सगळेच मायक्रोआरएनए घटतात, त्यामुळे नेमका दोषी कोण हे या प्रयोगातून ठरत नाही. मला अधिक बोलका वाटतो तो मिर-२००ए हा एक मायक्रोआरएनए. लेप्टिन नसलेल्या लठ्ठ उंदरांच्या हायपोथॅलॅमसमध्ये तो वाढलेला असतो आणि लेप्टिनचा ग्राहीच (त्याचा निरोप घेणारे पेशीवरचे प्रथिन) दाबतो. त्याला रोखल्यावर ग्राही वाढले, वजनवाढ मंदावली. हे सारे उंदरांतले, हे विसरू नये.

रक्ततपासणीवर पैसे घालवू नका. रक्तातले मायक्रोआरएनए मुख्यतः रक्तपेशी, यकृत, चरबी अशा ठिकाणांहून येतात. हायपोथॅलॅमसचा वाटा त्यात ओळखता येत नाही. शिवाय नमुना घेताना तांबड्या पेशी फुटल्या तर त्यांच्यातला मिर-४५१ हा मायक्रोआरएनए एकदम वाढलेला दिसतो आणि निकाल बिघडतो.

प्रश्न : मग मायक्रोआरएनएची गोळी का निघत नाही?

उत्तर : आतड्यातली विकरे आरएनए तोडतात. टोचून दिला तरी तो बहुतांशी यकृतात जातो. रक्त आणि मेंदू यांच्यातला अडसर ओलांडणे त्याला जवळपास अशक्य. त्यात एक मायक्रोआरएनए शेकडो जनुकांना हात घालतो. कर्करोगासाठी शिरेतून दिलेल्या एमआरएक्स-३४ या मायक्रोआरएनए-औषधाची चाचणी २०१६ मध्ये रोगप्रतिकारशक्तीच्या गंभीर दुष्परिणामांमुळे थांबवावी लागली. भुकेच्या याच मार्गावरचे सेटमेलॅनोटाइड हे औषध आरएनए नाही, पेप्टाइड (प्रथिनासारखी छोटी साखळी) आहे. ते पॉमसी पेशींच्या पुढच्या टप्प्यावरचा एमसी-४ ग्राही थेट चालू करते आणि पॉमसी किंवा लेप्टिन-ग्राहीच्या जनुकात दोष असलेल्या मोजक्या रुग्णांना दिले जाते.