सायकलला ओलांडताना किती अंतर हवे?

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत असून लातूरच्या औसा रोडवरून रोज सायकलने शिकवणीला जाते. मोटारी आणि ट्रॅव्हल्स तिला अगदी घासून पुढे जातात. रस्त्याच्या कडेला चिकटूनच चालव, असे मी तिला बजावले आहे. ते योग्य आहे का? मागच्या वाहनाने किती अंतर ठेवायला हवे?
— एक पालक, लातूर

उत्तर : आपली काळजी रास्त आहे, परंतु तिला दिलेला सल्ला आपण बदलावा, असे माझे स्पष्ट मत आहे. डांबराच्या अगदी कडेला वाळू, खडी आणि गटारांची खचलेली झाकणे असतात, शिवाय मुरमाची साइडपट्टी बहुधा खाली गेलेली असते; तेथे चाक घसरले की तोल सावरताना सायकल नेमकी उजवीकडे, मागून येणाऱ्या वाहनासमोर झुकते. कडेला चिकटलेली सायकल दिसली, की समोरून वाहन येत असतानाही आपली गाडी मधून निघेल असे मागच्या चालकाला वाटते आणि घासून जाण्याचे प्रकार बहुतेक वेळा येथूनच घडतात. म्हणून तिने कडेपासून पाऊण ते एक मीटर आत, सरळ रेषेत चालवावी. उभ्या मोटारींपासूनही किमान एक मीटर दूर राहावे, कारण दार केव्हाही उघडू शकते.

जर्मनीत २०२० पासून सायकलला ओलांडताना शहरात १.५ मीटर आणि शहराबाहेर २ मीटर अंतर ठेवणे बंधनकारक आहे. आपल्याकडील चालकांनीही दीड मीटर हेच किमान अंतर मानावे, असे मी आग्रहाने सांगेन. खड्डा चुकवताना सायकल सहज अर्धा मीटर सरकते, आणि वेगातल्या ट्रकची हवा सायकलस्वाराला आधी बाहेर ढकलून लगेच आत ओढते. तेवढी जागा नसेल, तर वेग कमी करून मागे राहणे हे चालकाचे कर्तव्यच आहे. अगदी जवळ येऊन हॉर्न वाजवल्याने मुले दचकतात आणि हँडल हलते. मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीनंतर नियमबाह्य ओव्हरटेक धोकादायक वाहन चालवण्यात धरला जातो. पहिल्या गुन्ह्याला १,००० ते ५,००० रुपये दंड, सहा महिने ते एक वर्ष कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. गाडीचा क्रमांक टिपता आला, तर वाहतूक पोलिसांकडे तक्रार अवश्य करावी.

आपल्या भागात गाळप हंगामात एक धोका वाढतो. ट्रॅक्टरमागच्या दोन ट्रॉल्यांमधून ऊस दोन्ही बाजूंना बाहेर आलेला असतो, आणि वळताना मागची ट्रॉली पुढच्या चाकांच्या मार्गापेक्षा बरीच आतून जाते. चौकात अशा ट्रॉलीच्या किंवा बसच्या डाव्या बाजूला तिने कधीही शिरू नये, कारण तेथील सायकल चालकाला दिसतच नाही. मागेच थांबून ते वाहन पूर्ण वळू द्यावे. शिकवणी अंधार पडल्यावर सुटत असेल, तर सायकलला मागे लाल रिफ्लेक्टरबरोबर लाल दिवाही आजच बसवून घ्यावा.