सायबर सिक्युरिटीत पहिली नोकरी: रेझ्युमेत काय लिहावं, इंटरव्ह्यूत काय विचारतात?

तुमचं बीएस्सी कॉम्प्युटर झालंय, अनुभव नाही, आणि सीईएच या एथिकल हॅकिंगच्या सर्टिफिकेटचा महागडा क्लास लावू का असं तुम्ही विचारलंय. मी पुण्यात एका एसओसीत, म्हणजे सिस्टीमवरच्या हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रात, शिफ्ट लीड आहे. एल-वन, म्हणजे अलर्ट सगळ्यात आधी बघणाऱ्या ॲनालिस्टचे इंटरव्ह्यू घेते, म्हणून उत्तर देतेय.

क्लाससाठी कर्ज काढू नका. आधी नेटवर्किंग आणि विंडोजचे लॉग पक्के करा.

फ्रेशरच्या रेझ्युमेत बहुतेक वेळा पंधरा टूल्सची रांग असते. मी त्यातलं एकच उचलते. वायरशार्क, म्हणजे नेटवर्कवरची पॅकेट बघायचं टूल, लिहिलंय ना, मग सांगा, कनेक्शन मागणारी नुसती सिन पॅकेट जाताहेत आणि उत्तर काहीच येत नाही, तर काय समजायचं? इथे उमेदवार अडखळला की उरलेल्या चौदा नावांवरही विश्वास बसत नाही. ज्यावर दहा मिनिटं बोलता येईल तेवढंच लिहा. चार टूल्स झाली तरी चालतील.

त्यापेक्षा घरी एक लॅब करा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (एकाच कॉम्प्युटरवर अनेक मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) एक विंडोज मशीन, हल्ल्याची टूल्स असलेलं एक काली लिनक्स आणि लॉग गोळा करायला वाझू. वाझू फुकट आहे. कालीवरून आरडीपीला, म्हणजे विंडोजच्या रिमोट लॉगिनला, चुकीचे पासवर्ड मारा आणि विंडोजमध्ये ४६२५ हे फसलेल्या लॉगिनचे इव्हेंट कसे साचतात ते बघा. हे फक्त स्वतःच्या मशीनवर करायचं. परवानगीशिवाय कॉलेजची साइट 'टेस्ट' केल्याचं अभिमानाने लिहिणारी मुलं भेटतात. आयटी कायद्याच्या ४३ आणि ६६ कलमांखाली तो गुन्हा ठरू शकतो, आणि आम्ही तो रेझ्युमे तिथेच बाजूला ठेवतो.

मागे एका मुलीने हीच लॅब केली होती. ती म्हणाली, "मॅडम, आरडीपी म्हणजे लॉगऑन टाइप, लॉगिन कुठल्या मार्गाने झालं त्याचा आकडा, १० दिसायला हवा होता, मला सगळीकडे ३ दिसत होता. दोन दिवस वाटलं माझंच काहीतरी चुकलंय." मग तिला कळलं की एनएलए (नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन) चालू असलं की पासवर्डची तपासणी आधी नेटवर्कवरूनच होते, म्हणून फेल झालेले प्रयत्न टाइप ३, म्हणजे नेटवर्क लॉगऑन, म्हणून नोंदले जातात. तिच्याकडे एकही सर्टिफिकेट नव्हतं. मी तिथेच होकार लिहिला, कारण तिने ते दोन दिवस सोडले नव्हते.

तुमच्या रेझ्युमेतही असंच लिहा: काय उभारलं, काय दिसलं, कुठे अडलं, कसं सुटलं. तीन ओळी पुरतात.

इंटरव्ह्यूत माझा ठरलेला प्रश्न आहे. रात्री अडीचला एका आयपीवरून शंभर ४६२५ आले आणि लगेच एक ४६२४, म्हणजे लॉगिन यशस्वी. काय कराल? "आयपी ब्लॉक" हे उत्तर घाईचं आहे. खातं कोणाचं, आयपी आतला की बाहेरचा, जुना पासवर्ड अडकलेलं सर्व्हिस अकाउंट (प्रोग्रॅम आपोआप वापरतात ते खातं) तर नाही ना, आत शिरल्यावर ४६७२ म्हणजे ॲडमिनचे अधिकार मिळाले का, हे आधी बघा. मग पुराव्यासकट एल-टूला, म्हणजे वरच्या पातळीच्या ॲनालिस्टला, कळवा. २०२२ पासून सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या नियमानुसार असे प्रकार लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावे लागतात, म्हणून नोंदीत वेळ नेमकी हवी. एवढं सांगितलंत तर तुम्ही वाचून आलात हे कळतं.

नाइट शिफ्टबद्दलही नक्की विचारतील. घरी आधी बोलून ठेवा आणि जमणार नसेल तर तिथेच स्पष्ट सांगा.