वर्गणी भरली, तरी शोधनिबंध उघडत का नाही?

प्रश्न : मी जुन्नर तालुक्यातील निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. आमच्याच तालुक्यातील खोडद येथील रेडिओ दुर्बिणीच्या निरीक्षणांवर आधारलेला एक शोधनिबंध मला वाचायचा होता. पण नियतकालिकाच्या संकेतस्थळाने पैसे मागितले. शासनाने संशोधन नियतकालिकांची वर्गणी साऱ्या देशासाठी भरली आहे, असे वाचले होते. मग मला निबंध का मिळू नये?

उत्तर : आपण वाचलेली योजना म्हणजे ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’. केंद्रीय मंत्रिमंडळाने तिला २५ नोव्हेंबर २०२४ रोजी मंजुरी दिली आणि २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद केली. ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके तिच्यात येतात. मात्र नाव राष्ट्राचे असले, तरी वर्गणी संस्थांसाठी आहे : ज्यांचे व्यवस्थापन केंद्र किंवा राज्य सरकारकडे आहे अशा उच्चशिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्याशी संलग्न असलेल्यांनाच ती नियतकालिके उघडता येतात. घरी बसलेला निवृत्त शिक्षक, स्वतंत्र अभ्यासक किंवा प्रयोगशील शेतकरी या वर्तुळाबाहेरच राहतो. खासगी शिक्षणसंस्थांच्या महाविद्यालयांवर ज्या महाराष्ट्राचे उच्चशिक्षण मोठ्या प्रमाणात उभे आहे, तेथे ही मर्यादा विशेष जाणवते.

सामूहिक वर्गणी आणि मुक्त विज्ञान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वर्गणीमुळे काही वाचकांपुरते कुलूप उघडते आणि मुदत संपली की ते पुन्हा लागते; मुक्त प्रवेशात कुलूपच नसते. हा दुसरा मार्गही आपल्या देशाने पूर्वीच स्वीकारलेला आहे. केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने डिसेंबर २०१४ मध्ये संयुक्त धोरण जाहीर केले. या विभागांच्या निधीतून झालेल्या संशोधनाचा निबंध नियतकालिकाने स्वीकारल्यावर लेखकाने आपली अंतिम प्रत संस्थेच्या किंवा केंद्रीय ऑनलाइन भांडारात ठेवावी, आणि प्रकाशकाने काही काळ रोखून धरली तरी पुढे ती कोणालाही विनामूल्य मिळावी, असे त्यात म्हटले आहे. ज्याच्या करातून संशोधनाचा खर्च निघाला त्याला त्याचे फळ पाहता यावे, यात मला वावगे काहीच दिसत नाही. उणीव आहे ती अंमलबजावणीची, कारण प्रत भांडारात ठेवली नाही म्हणून कोणाचे फारसे अडत नाही. पीएच.डी.च्या प्रबंधांबाबत मात्र विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ पासून नियमच केला, आणि म्हणून गांधीनगरच्या ‘इन्फ्लिबनेट’ केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात देशभरच्या विद्यापीठांचे प्रबंध आज घरबसल्या वाचता येतात. आवाहन आणि नियम यांतला फरक येथे स्पष्ट दिसतो.

आपल्या अडचणीवर तातडीचा उपाय आहे. खगोलशास्त्रज्ञ आपले बहुतेक निबंध ‘अर्काइव्ह’ (arXiv) या १९९१ पासून चालत आलेल्या विनामूल्य भांडारात स्वतःच ठेवतात. निबंधाचे शीर्षक तेथे शोधावे; न मिळाल्यास निबंधावर दिलेल्या पत्त्यावर लेखकाला ई-मेल करून प्रत मागावी. अशी विनंती करण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. संशोधक एकमेकांकडेही अशाच प्रती मागतात.

शिवाय खोडदच्या बाबतीत निबंधापलीकडेही जाता येते. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांच्या या दुर्बिणीने टिपलेली विदा (डेटा) ठरावीक काळ, साधारणतः १८ महिने, निरीक्षणाचा प्रस्ताव देणाऱ्या संशोधकांपुरती राखीव असते. त्यानंतर ती दुर्बिणीच्या विदा-भांडारातून इतरांनाही मागता येते. ती हाताळण्यास संगणकाचे आणि विषयाचे बरेच ज्ञान लागते, हे खरे. पण आपला एखादा माजी विद्यार्थी भौतिकशास्त्र शिकत असेल, तर त्याला हे अवश्य सांगावे. आणि राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, २८ फेब्रुवारीला, खोडदला विज्ञान प्रदर्शन भरते, तेव्हा निबंध वाचताना अडलेल्या जागा टिपून घेऊन जावे. त्या समजावून सांगणारी माणसे आपल्याला तेथेच भेटतील.